लेओकादीचा पिवळा

लेओकादीच्या नखांतला पिवळा रंग कधी गेला नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती लिंबू घासायची, राख घासायची, समुद्राच्या ओल्या वाळूत मनगटापर्यंत हात खुपसून बसायची. तरी चर्चमध्ये मिस्सेला हात जोडून उभी राहिली की दहाही नखं पिकल्या आंब्याच्या सालीसारखी दिसायची. एकदा पाद्रीबाबांनी विचारलं, "मां लेओकादी, हे हात धूत नाहीस का?" ती म्हणाली, "धुते ना. पाणी पिवळं होतं, हात तसेच राहतात."

ती माझी शेजारीण. माझ्या धाकट्या मुलीची धर्ममाताही तीच, म्हणून आम्ही एकमेकींना 'कोमे' म्हणतो. संध्याकाळी जपमाळ घेऊन रोजरी माझ्या ओसरीवर आम्ही दोघी मिळून म्हणतो. तिचं आणि फ्लोरेस्तीनचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, पहिलंही आणि शेवटचंही. म्हणून लिहिते.

आमच्या बेटावरच्या आंस-लामार गावात बाई डोकं उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर येत नाही. घरात साधा रुमाल, बाजाराला बरा, आणि सणाला मद्रासी. मद्रासी चौकडीचं कापड दुकानातून आणलं की त्यातला पिवळा अगदीच मरगळलेला असतो, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यासारखा. त्याच्यावर नवा पिवळा चढवून घ्यावा लागतो. फळीवर कापड ताणून, पिवळी पूड आणि बाभळीचा डिंक एकत्र खलून, बारीक कुंचल्याने एकेक रेघ, एकेक चौकट. ती सुकली की मग तो रुमाल असा कडक होतो की बांधल्यावर त्याची टोकं हवेत ताठ उभी राहतात. आणि टोकांवरून सगळ्या गावाला कळतं, ही बाई कोण. एक टोक म्हणजे मन मोकळं आहे. दोन म्हणजे कुणाला तरी शब्द दिलाय. तीन म्हणजे लग्न झालंय. चार टोकांच्या बायकांबद्दल मी लिहीत नाही.

लेओकादी तीन टोकं बांधायची. तिचा नवरा ओनेझीम शिडाच्या होडीवर होता. या बेटावरून त्या बेटावर कोळसा आणि बकऱ्या न्यायचा. बोलायला कमी, पण घरी आला की बायकोसाठी काहीतरी घेऊन यायचाच. कधी शंख, कधी साबणाची वडी. एका वर्षी तो गेला आणि आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. त्याच सुमाराला लेओकादीला विषमज्वर झाला. ती वाचली, पण केस गेले. सगळे नाही, नुसते झुबके झुबके राहिले, जसं वादळानंतर टेकडीवर इथे एक झाड, तिथे एक झाड उरतं. ती आरशात बघायची नाही. रुमाल मात्र रोज बांधायची, तीन टोकांचा.

ऑगस्टात आमच्याकडे स्वयंपाकिणींचा सण असतो. संत लोराँला लोखंडी जाळीवर भाजून मारलं, म्हणून तो स्वयंपाकिणींचा संत. घरोघरी चुलीपुढे राबणाऱ्या बायका त्या दिवशी राण्यांसारख्या नटतात. डोक्याला मद्रासी, गळ्यात सोन्याचे मणी, हातावर टोपल्या. टोपल्यांत खेकडे आणि अळूच्या पानांचं कालवण, खाऱ्या माशाची भजी, नीरफणस, जिवंत शेवंड. फुलं तर सांगायलाच नको. रांगेने चर्चमध्ये जायचं, टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, मग गावातून मिरवत जेवायला.

तेव्हा लेओकादी डॉक्टरच्या घरी स्वयंपाक करायची, म्हणून तीही रांगेत असायची. आणि फ्लोरेस्तीन साखर कारखान्याच्या साहेबाकडे. अंगाने दांडगी, आवाजानेही. स्वयंपाकिणींच्या मंडळात तिचा शब्द चालायचा.

त्या वर्षीच्या सणाच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर रांग लागत होती. मी बाजूलाच मुलीला घेऊन उभी होते. फ्लोरेस्तीन टोपली सावरत लेओकादीजवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, "काय गं, तीन टोकं? तिसरं कुणाच्या नावाचं?"

लेओकादी म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या."

"तुझ्या नवऱ्याच्या! तो तिकडे पलीकडच्या बेटावर दुसरीच्या चुलीपुढे बसून मासे खातोय. सगळ्या धक्क्यावर माहीत आहे. आणि तू संताच्या दारात खोटं डोकं बांधून आलीस?"

"फ्लोरेस्तीन, सणाचा दिवस आहे."

"म्हणूनच म्हणते. सणाला खोटं नको." आणि तिने हात वर करून ते तिसरं टोक धरलं आणि ओढलं.

टोक एकटं कसं येईल? सगळा रुमालच आला. टाचण्या पायऱ्यांवर टणटण उडाल्या. लेओकादीचं डोकं, ते झुबके झुबके केसांचं डोकं, भर उन्हात उघडं पडलं. मग मागून कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण ती आता देवाघरी आहे. लेओकादीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तशीच धावत घरी गेली. टोपली तिथेच. मी तिचा रुमाल उचलला, टाचण्या वेचल्या, आणि तिच्या मागे गेले.

तीन आठवड्यांनी पलीकडच्या बेटावरून माणूस आला. ओनेझीमची होडी सामुद्रधुनीत उलटली होती. सणाच्या कितीतरी आधी. बकऱ्यांसकट सगळे बुडाले. म्हणजे ज्या दिवशी फ्लोरेस्तीन त्याला दुसरीच्या चुलीपुढे बसवत होती, त्या दिवशी तो समुद्राच्या तळाशी होता.

फ्लोरेस्तीन सांत्वनाला आली नाही. तिने एक नीरफणस पाठवला. लेओकादीने तो माझ्या डुकराला घातला. "खाऊ दे," म्हणाली, "याला तरी कशाची लाज आहे?"

त्यानंतर तिने डॉक्टरची नोकरी सोडली, मंडळ सोडलं, आणि म्हाताऱ्या झाबेतकडे पिवळा चढवायला शिकायला बसली. झाबेत गावातली एकटीच हे काम करणारी. तिचा हात चांगला होता, पण तिचा पिवळा पावसात उतरायचा. मिरवणुकीत सर आली की बायका किंचाळत छपराखाली पळायच्या, आणि जी मागे राहायची तिच्या कपाळावरून पिवळे ओघळ. त्यावर वर्षभर चेष्टा चालायची. लेओकादीने वर्षानुवर्षं वेगवेगळे डिंक खलून पाहिले. शेवटी तिने रंगावर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्यायला सुरुवात केली आणि त्यावर कपडा ठेवून गरम इस्त्री. तिचा पिवळा उतरत नाही. पण पिवळा चढवणारी प्रत्येक बाई रुमाल हातात देताना एक वाक्य म्हणतेच, 'पाणी लागू देऊ नकोस.' झाबेत म्हणायची, म्हणून लेओकादीही म्हणायची. मी कितीदा ऐकलंय. मला सुद्धा म्हणाली आहे, माझ्या मोठ्या मुलाच्या लग्नात.

तिचे केस पुन्हा आले, पण पांढरे आले. ती विधवा झाली तरी तीन टोकंच बांधत राहिली. कुणी विचारलं नाही. कुणाची हिंमत झाली नाही.

ती कडवट झाली असं नाही. हसायची, हसवायची. मासेवालीशी तिची रोज जुंपायची. "हा मासा काल मेला की परवा?" "मां लेओकादी, हा अजून मेलेला नाही, तुमच्याकडे बघून बेशुद्ध पडलाय." अशी. पण रोजरी म्हणताना मला एक गोष्ट कळायला लागली. 'हे आमच्या बापा' म्हणताना आम्ही 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांस क्षमा करतो' या ओळीशी आलो की माझा एकटीचाच आवाज उरायचा. ती ओठ मिटून घ्यायची. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. रोजरीत तो जप जितक्यांदा येतो तितक्यांदा. रोज. मला वाटलं, देव बघतोय, तो बघून घेईल. खरं सांगायचं तर त्या ओळीला फ्लोरेस्तीनचं तोंड माझ्याही डोळ्यांपुढे यायचं, आणि मी ती ओळ म्हणायची, पण नुसती तोंडाने.

यंदा ईस्टरआधीच्या उपासांत, लेंटमध्ये, झाबेत वारली. आणि यंदाच फ्लोरेस्तीन मंडळाची अध्यक्षीण झाली. अध्यक्षीणबाईने संताचं निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं, आणि तिचा रुमाल त्या वर्षी नवा, ताज्या पिवळ्याचा लागतो. गावात पिवळा चढवणारी आता एकच उरली होती.

जुलैअखेर फ्लोरेस्तीन तिच्याकडे आली. रुमालाचं कापड स्वतःच न्यावं लागतं, दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही, कारण डोक्याचं माप घ्यायचं असतं. मी तेव्हा लेओकादीकडे काजूच्या बोंडांचा मुरंबा द्यायला गेले होते. फ्लोरेस्तीन दारात उभी राहिली, काखेत कापडाची घडी.

"बोंझू, मां लेओकादी."

"बोंझू."

"कापड आणलंय."

"दिसतंय."

"निळं नि तांबडं. वरच्या दुकानातून घेतलं. चांगलं आहे ना?"

"कापड चांगलंय." लेओकादीने स्टूल पुढे ओढलं. "बस. रुमाल काढ."

फ्लोरेस्तीनने दाराकडे पाहिलं. "दार लाव की जरा."

"उकडतंय," लेओकादी म्हणाली. "आणि त्या पायरीला कुठे दार होतं?"

मी मुरंब्याची बरणी हातातच धरून उभी राहिले. वाटलं, आता ही उठून जाणार. पण कुठे जाणार? तिने हळूहळू टाचण्या काढल्या. रुमाल मांडीवर घेतला. तिचं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. मधोमध टक्कल, बाजूला बारीक वेण्या, उंदराच्या शेपटीएवढ्या. लेओकादीने सुतळी घेतली आणि माप घ्यायला लागली. कपाळावरून एकदा. कानावरून एकदा. मग पुन्हा कपाळावरून. मग सुतळी खाली पडली, ती उचलली, पुन्हा घेतलं. बाहेरून मासेवाली चालली होती, तिने आत डोकावलं, तिचे डोळे मोठे झाले, आणि तोंडावर हात ठेवून ती पुढे गेली. तिच्या तोंडात गोष्ट राहते असं आजवर झालेलं नाही.

"झालं," लेओकादी म्हणाली. "सणाच्या सकाळी ये. इथेच बांधून देईन."

"आदल्या दिवशी नाही मिळणार?"

"माझा रुमाल मीच बांधते, आणि त्याच दिवशी. हवा तर घे."

ती गेल्यावर मी म्हटलं, "कोमे, पुरे झालं ना आता? डोकं उघडं केलंस तिचं."

"दोघींसमोर," लेओकादी म्हणाली. "माझं किती जणांसमोर झालं होतं?"

चार दिवसांनी मी गेले तर खिडकीत दोन मडकी होती. एकात नेहमीचा पिवळा, मधासारखा घट्ट, कुंचला बुडवला की तार सुटते तसा. दुसऱ्यात नुसतं पिवळं पाणी. बाजूला पांढऱ्या चिंधीवर त्याची एक रेघ ओढून वाळवलेली, आणि तिच्यावर थेंब पडून रंग पार खालपर्यंत ओघळलेला. सगळं रस्त्यावरून दिसेल असं.

"हे काय पाण्यासारखं?"

"ते फ्लोरेस्तीनसाठी."

"लेओकादी! पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडतात तेव्हा ती सगळ्यांत पुढे असणार. निशाण धरून. सगळं तिच्या तोंडावर उतरेल!"

"हो ना?" ती म्हणाली आणि फळीवर कापड ताणायला लागली.

"अगं, संताच्या दिवशी! पवित्र पाण्याने! हे पाप आहे."

"त्याच संताच्या दिवशी तिने केलं. संताने तिला काही केलं का? तो जाळीवर भाजत असतानाही थट्टा करत होता म्हणतात. त्याला थट्टा कळते."

"आणि तुझ्या हाताचं काय? गाव म्हणेल, लेओकादीचा पिवळा उतरला. तू इतकी वर्षं खपून जे केलंस ते एका थेंबात जाईल."

यावर मात्र तिचा हात थांबला. तिने आपल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोमे, ओनेझीम गेला तेव्हा माझ्याकडे काय उरलं होतं? त्याचं नाव. ते तिने पायऱ्यांवर फेकलं. आता माझ्याकडे हा हात आहे. बघू, तो कशाला उपयोगी पडतो."

त्या संध्याकाळी मी रोजरी तिच्यासाठी म्हटली. ती शेजारीच बसली होती. ओळ आली, ती गप्प झाली. मी त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने म्हटली. ती हसली आणि डास मारला.

सणाच्या सकाळी आकाश निरभ्र होतं. ढगाचा पत्ता नाही. फ्लोरेस्तीन आली ती घामाघूम, सोन्याचे मणी गळ्यात तीनपदरी. लेओकादीने रुमाल बाहेर काढला आणि माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं. असा पिवळा मी पाहिला नव्हता. निळ्या-तांबड्याच्या मधून एकेक रेघ उजळली होती, जणू आतून दिवा लावलाय. फ्लोरेस्तीनने एका रेघेवरून बोट फिरवलं. तिने बसून मान खाली घातली. लेओकादीने घड्या घातल्या, टाचण्या लावल्या, आतून टाके घातले, टोकं उभी केली. चर्चची पहिली घंटा झाली.

फ्लोरेस्तीन उठली, आणि तेव्हा तिची नजर खिडकीतल्या पातळ मडक्यावर गेली. मग त्या ओघळलेल्या चिंधीवर. मासेवालीने तिला काय काय सांगितलं होतं देव जाणे, पण तिचा चेहरा उतरला.

"डिंक नीट घातलायस ना?"

"घातलाय."

"त्या मडक्यातला?"

"डिंक मडक्यातच असतो, फ्लोरेस्तीन." लेओकादीने तिच्या खांद्यावरचा एक दोरा उचलला. "पाणी लागू देऊ नकोस."

दुसरी घंटा झाली. फ्लोरेस्तीनने रुमालाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. काढायचा तर टाके तोडावे लागणार, आणि मग अध्यक्षीणबाई उघड्या डोक्याने निशाण घेणार का? ती गेली. ताठ मानेने, पण पावलं लहान लहान टाकत, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे.

लेओकादीने आपला रुमाल बांधला. तीन टोकं. "चल," म्हणाली. "आज मागे नाही बसायचं."

आम्ही दुसऱ्या बाकावर बसलो. मी इतकी वर्षं तिथे मिस्सा ऐकतेय, पण त्या दिवशी एकही शब्द माझ्या कानात शिरला नाही. मी देवाला म्हणत होते, हे होऊ देऊ नकोस. आणि त्याच वेळी, देवा मला क्षमा कर, मला बघायचंही होतं.

टोपल्या वेदीपुढे मांडल्या. शेवंडी टोपल्यांत खुडबुडत होत्या. स्वयंपाकिणी रांगेत, आणि सगळ्यांत पुढे निशाण धरून फ्लोरेस्तीन. पाद्रीबाबा पवित्र पाण्याचं भांडं आणि शिंपडायची दांडी घेऊन खाली उतरले. डावीकडून सुरुवात. बायका माना पुढे करत होत्या, थेंब तोंडावर पडला की डोळे मिटून क्रूसाची खूण करत होत्या. ते आले, आले, तिच्यासमोर उभे राहिले. दांडी उचलली.

आणि फ्लोरेस्तीन मागे सरली. नुसती सरली नाही, तिने संताचं निशाण आपल्या तोंडापुढे आडवं धरलं आणि त्याच्याखाली वाकली. पाणी निशाणावर पडलं. एक थेंबही तिला लागला नाही.

चर्चमध्ये असा आवाज झाला, जसं सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. आमच्याकडे पवित्र पाणी चुकवणारी बाई कोण असते हे लहान पोरालाही माहीत आहे. जी रात्री अंगाची कातडी काढून खुंटीला टांगते आणि आगीचा गोळा होऊन उडते, ती. माझ्या मागच्या बाकावरची म्हातारी कुजबुजली, "सुकुन्यां! अगं माझे आई, सुकुन्यां आहे ही!" आणि तिच्या शेजारणीने चटकन क्रूसाची खूण केली. कुजबुज बाकांबाकांवरून दारापर्यंत गेली. पाद्रीबाबा दांडी हातात धरून क्षणभर बघत राहिले, मग पुढे गेले. दुसऱ्यांदा शिंपडलं नाही.

मी लेओकादीकडे पाहिलं. तिने हात जोडले होते. नखं पिवळी.

मिस्सा संपली तशी बायका पायऱ्यांवर आल्या, पण रांग लागेना. फ्लोरेस्तीनच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी. कुणी तिच्या टोपलीला आपली टोपली लागू देईना. तिच्यासोबत रोज बाजारात जाणारी बाई म्हणाली, "मां फ्लोरेस्तीन, निशाण आज दुसऱ्या कुणी धरावं, असं सगळ्या म्हणतायत."

फ्लोरेस्तीन ओरडली, "मूर्ख आहात सगळ्या! मी पाणी नाही चुकवलं, मी रुमाल वाचवला! हिने," आणि तिने लेओकादीकडे बोट केलं, "हिने पातळ डिंक घातलाय यात. मी डोळ्यांनी मडकं पाहिलं. मला भर चर्चमध्ये पिवळी करायची होती हिला!"

सगळ्या वळल्या. लेओकादी दाराजवळच्या भांड्यापाशी उभी होती. तिने ओंजळ भरून पवित्र पाणी घेतलं, दोन पायऱ्या उतरली, आणि ती ओंजळ फ्लोरेस्तीनच्या रुमालावर रिकामी केली.

कुणीतरी किंचाळलं. पाणी टोकांवरून खाली आलं, कपाळावर, नाकावर, हनुवटीवरून सोन्याच्या मण्यांवर. स्वच्छ पाणी. लेओकादीने कमरेचा पांढरा रुमाल काढला, फ्लोरेस्तीनचं कपाळ पुसलं, मग तिच्या डोक्यावरचा पिवळा चौकट-चौकट चोळला, आणि पांढरा रुमाल सगळ्यांपुढे उलगडून धरला. डाग नाही.

"माझा पिवळा उतरत नाही," ती म्हणाली. "गावाला माहीत आहे. तुला का नाही माहीत, फ्लोरेस्तीन?"

"ते... ते मडकं..."

"ते मडकं तुझ्यासाठीच होतं. बघायला." कुणीतरी फिसकन हसलं. "पाणी लागू देऊ नकोस मी सगळ्यांनाच म्हणते. यातली कुणी निशाणाखाली वाकली का? मग तुलाच का वाटलं की मी तुझा रुमाल बिघडवीन? सांग ना. नाहीतर या म्हणतायत ते खरं असू दे."

फ्लोरेस्तीन पाण्याने ओली उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या त्या म्हातारीने अजून हातातली जपमाळ तिच्याकडे रोखून धरली होती. मला तेव्हा कळलं, लेओकादीने तिला दोनच वाटा ठेवल्या होत्या. एक तर जन्मभर आगीचा गोळा म्हणून घ्यायचं, सुकुन्यांला अडवायला पोरांनी दारापुढे मीठ टाकायचं. नाहीतर बोलायचं.

"कारण मी..." तिचा दांडगा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "कारण मी हिचा रुमाल ओढला होता. इथेच."

"मोठ्याने. मागे ऐकू जात नाही."

"मी हिचा रुमाल ओढला होता! सणाला! हिचा नवरा दुसरीकडे राहतो म्हणाले."

"आणि तो कुठे होता?"

"बुडाला होता."

"कोण?"

"ओनेझीम. ओनेझीम बुडाला होता." ती रडायला लागली. "आणि मी नंतर आले नाही. मला लाज वाटली. म्हणून नाही आले."

"नीरफणस पाठवलास," लेओकादी म्हणाली.

"हो. नीरफणस पाठवला."

पाद्रीबाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी बहुधा सगळं ऐकलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "मां लेओकादी, हिने कबूल केलंय. आता तू हिला क्षमा केलीस असं म्हण, आणि सण पुढे चालू दे."

लेओकादीने हात पुसले. "पाद्रीबाबा, मी तिला सांग म्हटलं होतं. तिने सांगितलं. क्षमेचं बोलणं झालेलं नाही." मग फ्लोरेस्तीनकडे वळून म्हणाली, "रुमाल सरळ कर. डावं टोक कललंय. माझं काम आहे ते, वाकडं दिसायला नको." आणि तिने स्वतःच ते टोक दोन बोटांत धरलं. फ्लोरेस्तीनने डोळे घट्ट मिटून घेतले. मीही. पण लेओकादीने नुसतं ते सरळ केलं आणि हात काढून घेतला.

निशाण फ्लोरेस्तीननेच धरलं. रांग लागली. पण त्या दिवशी मिरवणुकीत लोक तिचं निशाण बघत नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकच चाललं होतं, "ओनेझीम... अगं, तो होडीवाला... बुडाला होता बिचारा... आणि हिने..." इतक्या वर्षांनी त्याचं नाव सगळ्या गावाच्या तोंडात होतं. लेओकादी रांगेत नव्हती, ती माझ्यासोबत कडेने चालत होती, आणि ते नाव प्रत्येकदा ऐकू आलं की तिची तीन टोकांची मान जराशी हलायची, जणू कुणी तिला हाक मारतंय आणि ती ओ देतेय.

संध्याकाळी रोजरीला ती नेहमीच्या वेळेला आली. हाताला अजून रंगाचा वास. ते दुसरं मडकं तिने गटारात ओतून धुऊन आणलं होतं. "घे," म्हणाली, "मुरंब्याला होईल." आम्ही सुरू केलं. 'हे आमच्या बापा.' ओळ जवळ आली. मी मुद्दाम थांबले, तिच्या आवाजासाठी जागा ठेवली.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबलीस का? तू म्हण ना, कोमे. मी ऐकते."

मी म्हटलं. एकटीने. पण या वेळी तिने ओठ मिटले नव्हते. ती खरंच ऐकत होती, कान देऊन, दुकानात एखादं महागाचं कापड हातात घेऊन बघतात ना, घ्यायचं नसलं तरी, तशी. मग पुढच्या ओळीला आम्ही दोघी मिळून लागलो.